झेलिगच्या नावाचा दिवा

दुलुथ, मिनेसोटा
२० फेब्रुवारी १९८६

श्रीमती मिना ऑस्ट्रो यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. पिट्सबर्गच्या एका ज्यू साप्ताहिकातलं तुमच्या जाहिरातीचं कात्रण आमच्या वाचनालयातल्या बाईंनी मला आणून दिलं. "हेनोख प्रुझान यांच्या वंशजांनी पत्ते कळवावेत, घराण्याचं पुस्तक छापत आहोत," असं त्यात होतं. माझ्या आजोबांचं आडनाव त्या बाईंच्या लक्षात होतं.

माझ्या आईचे वडील झेलिग प्रुझान. इथे त्यांना सगळे सिग म्हणत. ते गोदीत धान्य तोलायचे. बोर्गहिल्ड नावाच्या नॉर्वेजियन मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि आपल्या माणसांबद्दल मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही. "पिट्सबर्गला बाप आहे, हेनोख नावाचा," एवढंच एकदा आईला म्हणाले होते. आम्ही लुथरन चर्चमध्ये वाढलो. आजोबा चर्चच्या दारापर्यंत यायचे आणि बाहेरच पाइप ओढत उभे राहायचे.

आई डिसेंबरमध्ये गेली. जाण्याआधी म्हणाली, "पप्पांच्या दगडावर नुसतं 'सिग' आहे गं. ते कुणाचे होते ते शोध." मी शाळेत परिचारिका होते, आता निवृत्त आहे, वेळ आहे. मला तुमच्याकडून दुसरं काहीही नको. कुणाचा मुलगा, केव्हा गेला, एवढी त्यांची एक ओळ तुमच्या पुस्तकात यावी.

जाहिरातीत तुम्ही स्वतःला हेनोख यांची नात म्हटलं आहे. म्हणजे तुम्ही माझ्या मावशी लागता.

आपली,
कारिन लुंडबी


पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया
३ मार्च १९८६

सौ. कारिन लुंडबी यांस,

मला मावशी म्हणू नका. मावशी व्हायला आधी रक्त लागतं, आणि ते टपालाने येत नाही.

गेल्या साली एक गोडबोल्या पाहुणा असाच उगवला. वंशावळ लिहून घेतो म्हणाला. माझ्या हातचा मधाचा केक त्याने दोनदा मागून खाल्ला, आणि तो गेल्यावर पाहते तर आजीचा पितळी खलबत्ता जागेवर नाही. तेव्हापासून मी ताकसुद्धा फुंकून पिते.

माझ्या आईला झेलिग नावाचा भाऊ होता, हे खरं. तो विषमज्वराने गेला, आमच्या पंचांगातल्या तेवीस सिवान या तिथीला, साल पाच हजार सहाशे एकोणसत्तर. घरात आरशांवर चादरी टाकल्या होत्या, सगळे सात दिवस जमिनीवर बसले होते. देवळातल्या पितळी पाटीवर त्याचं नाव आहे. मी दर वर्षी त्या तिथीला स्वयंपाकघरात चोवीस तास जळणारी मेणबत्ती लावते. माझ्या आधी आई लावायची.

एवढ्याने समाधान होत नसेल तर पुढचं ऐका. मला एक धाकटा भाऊ होता, १९११ साली जन्मलेला. त्याचं नाव मामाच्या नावावरून झेलिग ठेवलं. आमच्यात जिवंत माणसाचं नाव मुलाला कधीही ठेवत नाहीत. यमदूत नाव विचारत येतो आणि घाईत भलत्यालाच घेऊन जातो, असं आमचे जुने लोक सांगतात. तेव्हा १९११ मध्ये नाव ठेवलं म्हणजे मामा तोवर मेलेला होता. मेलेला माणूस दुलुथला धान्य तोलत नसतो.

तुमच्या आजोबांनी एखाद्या मेलेल्याचं नाव उचललं असेल. त्या काळी पुष्कळांनी उचललं.

मिना ऑस्ट्रो


दुलुथ
१४ मार्च १९८६

श्रीमती ऑस्ट्रो यांस,

तुमचा खलबत्ता माझ्याकडे नाही. हवं तर घराची झडती घ्यायला या. येताना लोकरीचे मोजे घाला.

सोबत आजोबांचा फोटो आणि विवाहनोंदणीची प्रत आहे. शनिवार, १२ जून १९०९. वर झेलिग प्रुझान, वडील हेनोख, आई एट्टा. नाव उचलणारा चोर आईचं नावसुद्धा उचलतो का?

आणखी एक. आई गेल्यावर मी आजोबांची पेटी उघडली. तळाशी बत्तीस दिनदर्शिका निघाल्या, तुमच्या धर्माच्या. सगळ्यांवर एकच छाप: गिटल्समन, कोशर मटणाचे व्यापारी, पिट्सबर्ग. १९१९ च्या शरदापासून १९५० च्या शरदापर्यंत दर वर्षी एक, पाकिटासकट. पाकिटांवर दुकानाचा छापील पत्ता आहे, पाठवणाऱ्याचं नाव नाही. एकातही पत्र नाही. फक्त पहिल्या दिनदर्शिकेच्या पाठीवर जांभळ्या पेन्सिलीने एक ओळ आहे. ती तुमच्या लिपीत असल्यामुळे मला वाचता येत नाही.

मेलेल्या माणसाला तुमच्या गावातून बत्तीस वर्षं दिनदर्शिका कोण पाठवत होतं?

कारिन लुंडबी


पिट्सबर्ग
२ एप्रिल १९८६

सौ. लुंडबी यांस,

गिटल्समन त्या दिनदर्शिका गिऱ्हाइकांना फुकट वाटायचा. अर्ध्या पिट्सबर्गच्या भिंतीवर त्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्याच्या रद्दीत. त्यावरून काही सिद्ध होत नाही. आजीचं नाव तिच्या कबरीच्या दगडावर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं.

तो सगळा कागद जाळून टाका, विशेषतः पाकिटं. जुन्या कागदात झुरळं होतात.

तोंडवळ्याबद्दल म्हणाल, तर फोटोतल्या माणसाचे कान आमच्या घरातल्यासारखे आहेत. पण कान कुणाचेही कुणासारखे असू शकतात.

जाता जाता विचारते. तुमचे हे आजोबा नक्की केव्हा गेले? नुसती तारीख नको, वेळ सांगा. सूर्य मावळला होता की नव्हता? आपलं सहज विचारलं.

मिना ऑस्ट्रो


दुलुथ
११ एप्रिल १९८६

श्रीमती ऑस्ट्रो यांस,

किती वाजता गेले आणि सूर्य कुठे होता! आमच्या शेरीफनेसुद्धा एवढी चौकशी केली नसती. कसला संशय आहे तुमचा, आम्ही त्यांना मारलं असा? आणि झुरळं? दुलुथच्या थंडीत? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? पाकिटांत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, असं आता मला वाटायला लागलं आहे.

मला लपवण्यासारखं काही नाही म्हणून सांगते. १८ जानेवारी १९५१, गुरुवार. मी सोळा वर्षांची होते, शाळेतून येऊन त्यांच्या उशाशी बसले होते. सव्वापाच वाजले होते. सूर्य मावळून अर्धा तास होत आला होता. आजीने मला दिवा लावायला सांगितलं, मी उठले, आणि वळून पाहिलं तर संपलं होतं.

आता माझी पाळी. बत्तीस दिनदर्शिकांमध्ये प्रत्येकी एक जांभळा ठिपका आहे, नेहमी शरदात. तारीख दर वर्षी वेगळी, कधी ऑक्टोबर, कधी नोव्हेंबर. आणि मला चांगलं आठवतं, त्याच सुमाराला एका संध्याकाळी आजोबा मागच्या लाकडांच्या खोपटात जायचे. जॅमच्या रिकाम्या बरणीत मेणबत्ती लावून ओंडक्यावर बसायचे. ती मेणबत्ती दुसऱ्या संध्याकाळपर्यंत जळायची. आजी आतून भांडी आपटायची. "बसला बघ तिच्या आठवणीत!" म्हणायची आणि त्या दिवशी त्यांना जेवायला वाढायची नाही. पिट्सबर्गला एखादी बाई आहे आणि ठिपका ही तिची खूण, अशी तिची खात्री होती. आजोबा कधी कुठे गेले नाहीत, पण कधी नाहीही म्हणाले नाहीत.

आजीचं आयुष्य त्या संशयात गेलं. ती बाई कोण होती?

कारिन लुंडबी


पिट्सबर्ग
१८ मे १९८६

सौ. लुंडबी यांस,

पत्र पोचलं. सणाच्या साफसफाईत उत्तर राहिलं.

पुस्तक छापायला गेलं. त्यात झेलिग, हेनोखचा मुलगा, मृत्यू तेवीस सिवान ५६६९, असंच आहे. फोटो परत पाठवते. कुठल्याही बाईबद्दल मला माहिती नाही.

यापुढे लिहू नका. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, डॉक्टरांनी जिने चढू-उतरू नका म्हणून सांगितलं आहे आणि टपालपेटी खाली आहे.

मि. ऑस्ट्रो


दुलुथ
९ जुलै १९८६

श्रीमती ऑस्ट्रो यांस,

लिहू नका म्हणालात, तरी लिहिते. शेजाऱ्याचं पोर वर आणून देईल.

बत्तीस दिनदर्शिका खोक्यात घालून मी इथल्या तुमच्या देवळात गेले. तिथले धर्मगुरू, रब्बी, तरुण आहेत, त्यांनी कॉफी दिली. पाच-सहा ठिपके पाहिले आणि म्हणाले, "बाई, तारखा बदलतात, पण तिथी एकच आहे. बावीस हेश्वान. ही कुणाची तरी पुण्यतिथी आहे."

मग त्यांनी पहिल्या दिनदर्शिकेच्या पाठीवरची ओळ वाचली. "तुझ्या नावाचा मुलगा या दिवशी गेला."

तुमच्या दुसऱ्या झेलिगबद्दल मला तुम्हीच सांगितलं होतं. तो मुलगा तुमचा भाऊ.

मी म्हटलं, आता तेवीस सिवान ५६६९ ही तारीख काढून द्या. त्यांनी जुनं कोष्टक काढलं. शनिवार, १२ जून १९०९. माझ्या आजोबांच्या लग्नाचा दिवस! मी विचारलं, हे कसं? "जुन्या लोकांत असं व्हायचं," म्हणाले. "मुलाने धर्माबाहेर लग्न केलं की काही घरं सात दिवस सुतक धरून बसत. तो मेला असं धरत." म्हणजे विषमज्वर वगैरे काही नव्हतं. माझ्या आजीशी लग्न केलं म्हणून मेले ते.

आता पाकिटं, जी तुम्हाला जाळून हवी होती. १९१९ ते १९४३ एकच अक्षर आहे, पंचवीस पाकिटांवर. शेवटच्या सातांवर दुसरं. या दुसऱ्या हाताला सातच्या पोटात आडवी रेघ मारायची सवय आहे आणि पत्त्यातल्या प्रत्येक ओळीची शेपटी वर ओढायची. तुमची तिन्ही पत्रं मी त्या पाकिटांशेजारी मांडली. रब्बींना दाखवायचीही गरज पडली नाही.

तुम्हाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तरी मला लबाड ठरवलंत, खलबत्त्याची गोष्ट सांगितलीत, जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत म्हणून धडे दिलेत. आणि माणूस खोटा होता, तर सूर्य मावळला होता का हे कशाला विचारलंत?

माझ्या आजीला मी काय सांगू, कबरीपाशी जाऊन?

कारिन


पिट्सबर्ग
७ सप्टेंबर १९८६

कारिन,

दोन महिने लागले. आठ पत्रं लिहिली आणि आठही फाडली. ही नववी खेप.

सात पाकिटं माझी आहेत. खलबत्ता मात्र खरोखर चोरीला गेला.

मामाच्या लग्नाची बातमी घरी आली तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणून हे आईकडून ऐकलेलं सांगते. माझ्या आजोबांनी, हेनोख यांनी, सुतकात फाडतात तसा अंगातल्या कोटाचा गळा फाडला, आरसे झाकायला लावले, आणि चर्चमधलं लग्न ज्या दिवशी झालं ती तिथी प्रार्थनेच्या पुस्तकात मृतांच्या यादीत लिहिली. १९११ मध्ये आईला मुलगा झाला. नाव काय ठेवायचं हे आजोबांनीच ठरवलं. आई म्हणाली, "बाबा, असं करू नका. तो जिवंत आहे." आजोबा म्हणाले, "कोण जिवंत आहे?" आठव्या दिवशी दहा माणसांसमोर नाव ठेवलं गेलं. मुलाला मेलेल्याचं नाव दिलं म्हणजे मामाच्या मरणावर शिक्कामोर्तब झालं.

१९१८ च्या साथीत माझा झेलिग गेला. तो सात वर्षांचा होता, मी दहा वर्षांची. त्याचे बूट कितीतरी दिवस दाराशी तसेच होते, कुणी उचलले नाहीत. यमदूत मोठ्या झेलिगला न्यायला निघाला होता आणि पत्ता चुकला, असं आई मरेपर्यंत मानत होती. तिने एका फेरीवाल्याकडून दुलुथचा पत्ता मिळवला. मेलेल्याला पत्र लिहायचं नाही, असा आजोबांचा हुकूम होता. पण खाटकाची दिनदर्शिका म्हणजे काही पत्र नव्हे. ती एक ओळ तिने मायेने लिहिली की भावाला टोचावं म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही. बहुतेक टोचावं म्हणूनच. पण रागाने कुणी पंचवीस वर्षं तिकिटं चिकटवत नाही. दर सिवानमध्ये ती त्याच्यासाठी मेणबत्ती लावायची आणि तीन महिन्यांनी त्यालाच दिनदर्शिका पाठवायची. मी विचारलं तर म्हणायची, "तू तुझे बटाटे सोल."

१९४४ मध्ये ती गेली. तेव्हापासून मी पाठवू लागले. १९५१ ची दिनदर्शिका परत आली, दुकानाच्या पत्त्यावर. गिटल्समनने मला मटणाबरोबर ती हातात दिली. "हे तुझंच अक्षर ना गं?" म्हणाला. पाकिटावर शिक्का होता, "पत्तेदार मृत." तारीख नव्हती. आता मी कुणाला विचारणार होते? बेचाळीस वर्षांपूर्वी मेलेला माझा मामा हल्ली कधी मेला, असं? म्हणून आणखी पस्तीस वर्षं मी त्याच्या लग्नाच्या दिवशीच मेणबत्ती लावत राहिले. दुसरा दिवस माझ्याकडे नव्हता. सूर्याचं विचारलं ते यासाठी. आमचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. मावळतीनंतर गेला असेल तर तिथी पुढची धरायची. म्हणजे अकरा शेवात नव्हे, बारा.

मग खोटं का बोलले? मामा तेव्हा जिवंत होता असं छापलं, तर माझ्या भावाला जिवंत माणसाचं नाव दिलं होतं हेही छापलं जातं. साथीत हजारो गेले, कुणाचं नाव काय होतं याला कोण विचारतो, असं मी स्वतःला अडुसष्ट वर्षं समजावते आहे. डोक्याला पटतं. पण ते पुस्तक माझ्या नातवंडांच्या हातात जाणार. त्यातल्या एखाद्याने विचारलं असतं, "आजी, म्हणजे तुमच्या घरानेच त्या पोराला मारलं का?" मला भीती वाटली, कारिन. ती लपवायला मी तुला चोर ठरवलं.

आणि तू ती जॅमची बरणी लिहिलीस. ते वाचून मी खुर्चीवर बसले ती उठलेच नाही, चुलीवरचे बटाटे जळून कोळसा झाले.

ती बाई नव्हती. तो माझा झेलिग होता. ज्याला कधी पाहिलं नाही, त्या पोरासाठी तुझे आजोबा बायकोची बोलणी खात उपाशी खोपटात बसत होते. आणि आम्ही इकडे, ते तिकडे धडधाकट असताना, त्यांच्या नावाची मेणबत्ती लावत होतो. माझ्या भावाची आठवण या स्वयंपाकघराबाहेर कुणाला असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मेमध्ये मी तुला तसं लिहिलं ते रागाने नव्हे. तुला तोंड दाखवायला मला जागा नव्हती.

तुझ्या आजीला सांग, की तिचा नवरा तिच्याशी कधीच खोटा वागला नाही. आणि तिच्याशी लग्न केलं म्हणून आम्ही त्याला पुरलं, ते आमचं पाप. तिचं नाही.

पुस्तकाच्या चाळीस प्रती छापून आल्या आहेत. बदलून मागितल्या नाहीत. चाळीसही प्रतींत तेवीस सिवानवर मी माझ्या हाताने रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिलं: "हे आम्ही लिहिलं होतं. तो दुलुथला बेचाळीस वर्षं जगला. मृत्यू बारा शेवात ५७११." त्याखाली तुझी आजी, तुझी आई, तू. माझ्या भावाच्या नावापुढे लिहिलं, की हे नाव जिवंत मामाचं होतं. विचारू दे नातवंडांना. तुझी प्रत वेगळी पाठवते. दगडावर कोरून घे: झेलिग, हेनोखचा मुलगा.

सोबत येत्या वर्षाची दिनदर्शिका आहे. गिटल्समन कधीच बंद पडला. ही अंत्यविधीवाल्यांची आहे, चित्रं अगदीच भिकार आहेत. ठिपके दोन केले आहेत. तेवीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी माझ्या भावाचा, दहा फेब्रुवारीच्या संध्याकाळी तुझ्या आजोबांचा. सूर्य आमच्याकडे आधी मावळतो. मी लावते, मग तू लाव. ती बरणी अजून असेल तर तीच घे.

दिनदर्शिकेबरोबर पत्र घालण्याची आमच्या घरातली ही पहिलीच वेळ. पाकिटाची मागची बाजू पाहा. तिथे या वेळी दुकानाचा पत्ता नाही, माझं नाव आहे.

तुझी मावशी,
मिना